थेंबसुद्धा नाही

"बोल सूनबाई, कुठे प्यायलीस?" सासऱ्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली. दारूबंदी मंडळाचे ते अध्यक्ष. घरातसुद्धा सभेतल्यासारखेच बोलत. दारूच्या दुकानावरून जायची वेळ आलीच, तर नाकाला रुमाल लावून जात.

नात टेबलाखाली बसून डॉक्टरांच्या बुटाची नाडी सोडत होती. मघाशी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पेन उचल, दार लाव, मग इथे येऊन बस. पेन उचलून ती दारापर्यंत गेली आणि पुढचं विसरली. शाळेतल्या बाई तिला वांड म्हणत. वांडबिंड काही नव्हती ती. आई गरोदर असताना पोटात गेलेल्या दारूने तिच्या मेंदूला इजा केली होती, असं डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं. तेव्हापासून घरात खटला सुरू होता.

"थेंबसुद्धा घेतला नाही हो, बाबा," सून म्हणाली आणि तिला रडू फुटलं. गरोदरपणात कुणाच्या तरी वाढदिवसाला केक खाल्ला होता, त्यात काही असेल का, या विचाराने बिचारी आठवडाभर झोपली नव्हती.

"मग दारू काय आभाळातून पडली? आजपासून मुलगी आमच्याकडे राहील. तू माहेरी जा. माझं मुलाशी बोलणं झालंय."

"भांडण नंतर," डॉक्टर म्हणाले. "लक्ष लागायचं नेहमीचं औषध अशा मुलांना लागू पडेलच असं नाही. थोडं थोडं देऊन बघावं लागेल. घरी एका वेळी एकच गोष्ट सांगायची, रोजचा क्रम मोडायचा नाही. आणि आई जवळ हवी."

"औषधं कशाला?" सासऱ्यांनी पिशवीतून बाटली काढली. "हे माझं फळांचं टॉनिक. घरी करतो. काळी द्राक्षं, साखर, आणि बरणी तोंड बांधून माळ्यावर मुरत ठेवायची. आजपासून हिला सुरू करतो. बघाच बुद्धी कशी चालते!"

बूच फट्कन उडालं आणि छताला लागलं. नात टेबलाखालून बाहेर आली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचं सगळं लक्ष एका गोष्टीवर होतं.

"जोर बघा!" सासरे खूश झाले.

खोलीत वास पसरला. तो ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही, नाकावरचा रुमाल तेवढा काढावा लागतो.

डॉक्टरांनी बाटली काढून घेतली आणि सुनेला हळूच विचारलं, "तुम्ही घेत होतात हे? काय व्हायचं घेतल्यावर?"

"गुंगी यायची. बाबा म्हणायचे, गुण येतोय."

"तिला काय विचारता? मला विचारा!" सासऱ्यांनी छाती फुगवली. "टाळाटाळ करायची ती. पण मी ऐकतोय होय? पूर्ण नऊ महिने, रोज पेलाभर, माझ्या हाताने पाजलंय!"