ब्रेकची स्प्रिंग

"अगं, जोर लाव की! सकाळी तर तेजूनं ब्रेक सहज दाबला," बाबा आईला बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

भंगारातल्या रिक्षाचं इंजिन, मोडक्या झोपाळ्याच्या पाइपांची चौकट आणि घरीच ठोकलेला पत्रा. ही इवलीशी गाडी बाबांनी आणि तेजूनं वर्षभर अंगणात खपून बनवली, ती आईसाठीच. सीट तिच्या मापाची, रंग तिच्या आवडीचा, पोपटी! "पहिली फेरी मीच मारणार, तुम्ही बापलेकींनी गुपचूप मागे बसायचं," असं तिनं सुरुवातीलाच बजावलं होतं. तेव्हा तिच्या आजाराचं नावही घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आज ती त्या सीटवर बसली, तर शेजारी आणखी एक आई मावेल एवढी जागा उरली. पाय ब्रेकवर होता, पण ब्रेक तसूभरही हलत नव्हता.

"तुमची स्प्रिंगच कडक आहे हो," आई धापा टाकत म्हणाली.

"हो ना, माझंच चुकलं." बाबांनी पाना उचलला. स्प्रिंग सैल केली, पुन्हा सैल केली आणि शेवटी काढूनच टाकली.

आता ब्रेक झटकन खाली गेला. "जमलं बघ, तेजू!" आई खुदकन हसली.

तिनं पाय उचलला, तरी ब्रेक खालीच राहिला. तेजू वाकली आणि आईला दिसणार नाही अशा बेतानं तिनं तो हातानं वर ओढला.

"परत दाब, आई," ती म्हणाली.