गुरुवारी उतरणारी सूज

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी ज्ञानेशच्या पायावर अंगठा दाबून विचारलं. पडलेला खड्डा भरेचना.

"घेतो की."

"मी स्वतः डब्यासोबत देते," त्याची बायको विजयश्री म्हणाली. "तरी चाकणहून घरी आले की बूट ओढून काढावे लागतात. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, त्या दिवशी मात्र सूज उतरते बघा."

"म्हणजे आराम कमी पडतोय. हृदय रक्त पुरेसं फेकत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. ही गोळी ते लघवीवाटे बाहेर काढते. सारखं जावं लागेल, पण कंटाळायचं नाही." डॉक्टरांनी आणखी जोरदार गोळी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशनं कंपनीच्या स्टोअरमधून एक नंबर मोठे सेफ्टी बूट मागून घेतले. स्टोअरवाला हसला. "राव, या वयात पाय वाढायला लागले काय तुमचे?" ज्ञानेशही हसला आणि बुटात पाय कोंबून लाईनवर आला.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरनं त्याला पुढे बोलावलं. कॉन्ट्रॅक्टवर नवीन लागलेल्यांसमोर उभं करून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"टाळ्या वाजवा भाऊंसाठी! तुम्हाला तासातासाला लाईन सोडून पळायचं असतं. जरा शिका यांच्याकडून. अख्ख्या शिफ्टमध्ये हा माणूस एकदाही लघवीला जात नाही."