बिनखांबी छत

विश्रामबागेतल्या नव्या सभागृहाला एकही खांब नव्हता, आणि काँक्रीटचं छत पापडाइतकं पातळ. सेहेचाळीस साली सांगलीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. टेकू काढताना नकाशा काढणाऱ्यानं खाली उभं राहायचं, असा तिथल्या गवंड्यांचा दंडक होता. त्यामुळे इंजिनियर गोळे सकाळपासून मधोमध उभे राहून घाम पुसत होते.

शेवटचा टेकू निघाला.

"ऱ्हायलं की वर, साहेब," दारातून सयाजी गवंडी म्हणाला. "पर ही सावली कशाची?"

खिडकीतून आलेल्या उन्हात, गोळ्यांच्या पायाशी, एका जाड खांबाची सावली पडली होती. गोळ्यांनी चाचपून पाहिलं. हाताला नुसती हवा लागली.

"ढगाची असेल," ते पुटपुटले.

सयाजी सावलीकडं बघत एक पाऊल मागं सरला.

"ढगाला तडे जात्यात व्हय, साहेब?"