दोन एक्स-रे

पहिला एक्स-रे. नऊ वर्षांच्या नातीचा पुढचा दात, मार लागून आतून मेलेला. मूळ अर्ध्यावरच वाढायचं थांबलेलं.

"आज ना उद्या काढावाच लागणार," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं दातांची डॉक्टरकी करून, शिकवून त्यांचे केस पिकले होते.

"सर, माझं संशोधन याच दातांवर चाललंय. एकदा प्रयत्न करू द्या," त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणाली.

तिने दात आतून स्वच्छ केला आणि मग मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम सुई टोचली. कोरड्या पोकळीत रक्त चढू लागलं. आजोबांचा हात सवयीने कापूस घेऊन पुढे झाला. तिने मनगट धरलं.

"राहू द्या, सर. आत थेंबभर रक्त दिसलं तरी मार्क कापायचात तुम्ही आमचे. आज मात्र तेच हवंय, मूळ पुन्हा वाढलं तर त्या रक्तामुळेच वाढेल."

दुसरा एक्स-रे, वर्षभराने.

"दुसऱ्याच कुणाचा तरी लावलायस बाई."

"नाव वाचा, सर."

नाव नातीचंच होतं. मूळ पुरतं वाढून टोकाशी मिटलं होतं.

आजोबा कितीतरी वेळ त्या पांढऱ्या रेषेवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच पुसत आलो गं."