वेदीमागचा पाहुणा

"डोळे पुसू नका, मास्तर. तसेच राहू द्या," पाळकसाहेब म्हणाले आणि कॅमेरा सुरू झाला.

मास्तरांनी उचललेला हात परत मांडीवर ठेवला. वेदीमागच्या या खोलीत पूर्वी गाणाऱ्यांचे झगे टांगलेले असत. आता तिथे दोन दिवे, एक जाडजूड माइक आणि समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. पाळकसाहेबांची जीन्स गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली. ती शिवून द्यायला मास्तर पहिल्याच आठवड्यात सुईदोरा घेऊन सरसावले होते, तेव्हा साहेब पोट धरून हसले होते.

दर रविवारी उपासना संपली की साहेबांचा कार्यक्रम जगभर दिसे. त्यात ते मंत्र्यांची खरडपट्टी काढत, नव्या सिनेमाच्या नायकाला ख्रिस्ताच्या शेजारी उभं करून बघत, दोन पुरुषांचं लग्न आपण याच वेदीपुढे लावलं हे ठणकावून सांगत. बोलायला लागले की ऐकतच राहावं असा माणूस. "ख्रिस्त आज जन्मला असता तर सरहद्दीच्या कुंपणाला अडकला असता," ते म्हणत आणि हलकेच मास्तरांकडे वळत.

मास्तर पेशाने शिंपी. युद्धातून बायकोला घेऊन पळून आलेले. तिला राहायची परवानगी मिळाली, यांना मात्र देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. चर्चच्या आत पोलीस पाऊल टाकत नाहीत, ही तिथली जुनी रीत. म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना आत आणलं, स्वतःचं अंथरूण दिलं, वकील दिला. फोन तेवढा काढून घेतला. फोनवरून माग काढतात, म्हणाले. ही उन्हाळ्यातली गोष्ट. आता सुई धरताना बोटं गारठत होती.

मास्तरांचा जीव अडकला होता तो दोन रस्ते पलीकडच्या हॉस्पिटलात. बायकोचं पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. साहेब तिला भेटून येत आणि तिचा निरोप आपल्या फोनवर टिपून आणत. तो कार्यक्रमातच दाखवायचा असं ठरलेलं होतं.

"अहो, जेवता ना नीट?" पडद्यावर ती म्हणाली. गालफडं बसली होती. "माझी काळजी नका करू. साहेब सांगतील तसंच वागा. फक्त एकदा तुम्ही दिसला असतात, तर बरं वाटलं असतं."

मास्तर हमसून हमसून रडले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

दिवे विझल्यावर मास्तर म्हणाले, "साहेब, एक तास जाऊ द्या. तिचा हात धरतो, लगेच येतो."

"कोपऱ्यावर पोलीस उभाच आहे, मास्तर. पाऊल टाकलंत की थेट विमानात. मग ती कुणाच्या आशेवर औषध घेईल? विश्वास आहे ना माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही तर कुणावर ठेवू?"

साहेबांनी त्यांना मिठी मारली. त्यांचेही डोळे ओले झाले होते आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पोलीस खरंच कोपऱ्यावर असे. एकदा मास्तरांनी खिडकीतून डोकावलं तर त्याने हात वर केला. मास्तर झटकन पडद्याआड झाले.

बाहेर पोलीस, तर आत ऑर्गन वाजवणाऱ्या आजी. दाराची किल्लीही त्यांच्याकडेच, आल्यागेल्याला दार त्याच उघडत. चर्चचं थिएटर झालं म्हणून त्यांचा सगळ्यांवरच राग. मास्तर दिसले की त्या बरसत.

"अजून इथेच? बायको तिकडे मरणाला टेकली आणि हा दिव्यांत बसतोय! पुरे कर तमाशा. जा तिच्याकडे, कोण धरतंय तुला?"

मास्तरांनी हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. "माफ करा तिला. जुनी माणसं. परक्यांचा तिटकारा हाडीमांसी भिनलेला असतो."

तेव्हापासून आजींच्या काठीचा आवाज आला की मास्तर दार लावून घेत. झोपताना मात्र त्यांच्यासाठीही प्रार्थना करत. चांगला माणूस होता हो.

बायको गेल्याची बातमी साहेबांनीच आणली. सांगताना कॅमेरा बंद होता, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मास्तरांनी तिच्यासाठी चर्चच्या मशीनवर पांढरा झगा शिवला. गळ्याला बारीक टीप घातली, तिला आवडायची तशी.

शवपेटी चर्चमध्ये आली तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. साहेब सरकारवर बोलले, सरहद्दीच्या भिंतींवर बोलले, पत्नीचा हात धरू न शकलेल्या एका नवऱ्यावर बोलले. लोक धाय मोकलून रडले. जगाच्या पाठीवर कुठे कुठे लोक रडत असतील, ते वेगळंच.

मग पेटी दफनभूमीकडे निघाली आणि मास्तर दारापाशी थांबले. इथपर्यंतच. पेटी रस्त्याला लागली, कोपऱ्याकडे सरकली. मास्तरांना ते बघवेना.

त्यांनी उंबरठा ओलांडला. मागून साहेबांची हाक आली, "मास्तर, थांबा!" ते थांबले नाहीत. सरळ पोलिसापुढे जाऊन त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली.

"न्या मला. पळणार नाही. आधी फक्त तिच्यावर मूठभर माती टाकू द्या."

पोलिसाने टोपी काढली. मनगटांकडे बघितलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे.

"न्यायचं कुठे, मास्तर? तुमचा हुकूम तर थंडी पडायच्या आधीच रद्द झाला. मीच दाराशी येऊन पाळकसाहेबांना सांगितलं." तो घोटाळला. "म्हणाले, एखादा चांगला रविवार बघून सांगतो त्यांना."