एक मजला वर

"ही पेटी वर्गासाठी नेली तर चालेल का, ताई?" संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाच्या सरांनी विचारलं. "नवीन लोकांना उपयोग होईल. तुमच्या बाबांइतकी कार्डं आमच्यात कुणीच केली नाहीत."

"न्या. उद्या घर रिकामं करून द्यायचंय. नाहीतरी रद्दीतच गेली असती."

रद्दी हा शब्द तिने मुद्दाम वापरला. त्या पेटीवर तिचा राग होता.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झाले आणि या वयात इंग्रजी शिकायला निघाले. वर्गात सर सामान्यज्ञानातून इंग्रजी शिकवायचे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, दोन्ही इंग्रजीत. कागद पहिल्यांदा कुठे तयार झाला? सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? कार्डं ठेवायला बाबांनी पत्र्याची पेटी केली. तिला तीन कप्पे, आणि प्रत्येकावर जुन्या लिफ्टचं एकेक बटण चिकटवलेलं. तळमजला, पहिला, दुसरा. नवं कार्ड तळमजल्यावर. उत्तर चुकलं, किंवा उलटून बघावं लागलं, तर मागे तारीख टाकून फुली. बरोबर आलं तर तारखेपुढे बरोबरची खूण, आणि कार्ड एक मजला वर.

"आज तळमजल्यावर फार गर्दी आहे," ते म्हणायचे. "ओव्हरलोड."

ती रविवारी चारला यायची. गेले पाच-सहा महिने दार उघडायला त्यांना वेळ लागायला लागला होता. बेल वाजवली की आतून आधी पेटीचं झाकण वाजायचं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पावलं. दार उघडता उघडता ते एका दमात म्हणायचे, "ठमे. चहा, बिनसाखरेचा."

"लिफ्टमधली बाई बोलते तसं काय बोलता, बाबा?" ती एकदा म्हणाली होती. "आणि मी इथे जिन्यात ताटकळत उभी, तुमचा आत अभ्यास चालू."

ते हसले होते. हसायला त्यांना जरा उशीरच झाला होता.

त्याच दिवसांत तिचा संसार मोडला. एका रविवारी तिने ते त्यांना सांगितलं, सांगता सांगता रडली. ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "फुलपाखराला चव कशाने कळते?"

"पायांनी," ती म्हणाली.

"बरोबर." त्यांना कोण आनंद झाला. पुढच्याही रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी तिचा तोल सुटला. "जगातलं सगळं ठाऊक आहे तुम्हाला, बाबा. माझ्याबद्दल काय ठाऊक आहे, ते सांगा."

बाबांनी पेटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती उठली. चहा तसाच राहिला.

त्याच्या पुढच्या रविवारी ती गेली नाही. फोनही केला नाही. त्यांना चार दिवस कळू दे, असं तिच्या मनात होतं. बुधवारी त्यांचं हृदय बंद पडलं.

सर आता टेबलाशी बसून कार्डांना रबर लावत होते. दुसऱ्या मजल्यावरचीच तीन बंडलं झाली. सरांनी तळमजल्याच्या कप्प्यात हात घातला.

"रिकामा," ते म्हणाले. "सगळ्यांना वर पोचवून गेले म्हणायचं."

पहिल्या मजल्यावर एकच कार्ड होतं. हाताळून हाताळून कापडासारखं मऊ झालेलं. सरांनी ते वाचलं, उलटून मागची बाजू वाचली, आणि तिच्यापुढे धरलं.

"हे आमच्या वर्गातलं नाही, ताई. हे तुमचं आहे."

तिने कार्ड घेतलं. बाबांचं अक्षर मशीनवरच्या पाटीसारखं, मोठं, सुटं सुटं. प्रश्न होता, रविवारी चार वाजता कोण येते?

तिने कार्ड उलटलं. उत्तरही इंग्रजीत होतं, वर्गात शिकवलेल्या साध्या छोट्या वाक्यांत. ठमी. ही माझी मुलगी आहे. चहा, बिनसाखरेचा. खाली वेगळ्या शाईत आणखी थोडं लिहिलं होतं. ती आता एकटी राहते. त्याबद्दल विचारू नये, ती रडते. पेटीतला प्रश्न विचारावा. उत्तर आलं की तिला बरं वाटतं.

"त्यांना विसरायला होत होतं?" तिने विचारलं. "वर्गात कळलं होतं तुम्हाला?"

"आम्हाला वाटायचं, वय झालं," सर म्हणाले. "नावं चुकायची आमची. मी म्हटलं एकदा, घरी सांगा. तर म्हणाले, मुलीचं आधीच खूप चाललंय, तिला हे कशाला."

उत्तराच्या खाली तारखा होत्या. कडेपर्यंत, दाटीवाटीने. तिने एकेक करून पाहिल्या. सगळे रविवार. प्रत्येकापुढे फुली. ती रडली त्या रविवारी फुली. फुलपाखराच्या रविवारी फुली. ती चहा टाकून उठून गेली, त्या रविवारीही फुली.

सगळ्यात खालच्या तारखेपुढे मात्र बरोबरची खूण होती. ठसठशीत, पेन दोनदा फिरवलेली.

तिने ती तारीख पुन्हा वाचली.

त्या रविवारी ती आलीच नव्हती.