सातवी रेघ

भांडी आळीतल्या जुन्या इमारतींना नगरपालिकेने जिवंत लेप दिला, त्याला वर्ष झालं. आता दगडाला तडा गेला तरी संध्याकाळपर्यंत भरून येतो, लाकडावरचा ओरखडा आपोआप बुजतो. आळी शंभर वर्षांपूर्वीसारखी दिसते. भांड्यांची दुकानं मात्र गेली. मुरलीधर अंदुऱ्यांचं तेवढं उरलंय.

लेक केतकीच्या दर वाढदिवसाला अंदुरे भांड्यांवर नावं घालायच्या मशीनने तिची उंची दुकानाच्या सागवानी चौकटीवर कोरायचे. सातव्या रेघेनंतर ती तापाने गेली. लेप दिल्यावर दुसऱ्या दिवशी सातही रेघा नव्हत्या. "बघा काका, एक ओरखडा राहिला नाही," नगरपालिकेचा अभियंता कौतुकाने म्हणाला होता.

तेव्हापासून अंदुरे रोज सकाळी सातवी रेघ आठवणीने कोरतात. संध्याकाळी लाकूड ती भरून काढतं.

आज त्यांच्या पत्नी शैलाताई डबा घेऊन आल्या आणि रेघेकडे बघत राहिल्या.

"अहो, बिलगली की तिचं डोकं माझ्या इथं यायचं." त्यांनी बरगडीशी धरलेला तळहात तसाच आडवा चौकटीपर्यंत नेला. रेघ दोन बोटं खाली राहिली.

अंदुऱ्यांनी मशीन बंद केलं. कालची रेघ कुठे होती, ते चौकटीवर बोटांनी शोधत राहिले. लाकूड गुळगुळीत होतं.